डेलियाचे कंद घरात रुजवा, पण मार्चमध्ये नको

पत्र :

काकू, नमस्कार. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी डेलियाचे पाच कंद ऑनलाइन मागवले होते. परदेशातल्या बागकामाच्या व्हिडिओंत सांगतात, की मार्चमध्ये कंद घरात लावा आणि थंडी सरली की बाहेर काढा. मी अगदी तसंच केलं. खिडकीत ट्रे ठेवला, वर बल्ब लावला. पाचातले चार उगवले. एप्रिलमध्ये गच्चीवर नेले आणि अक्षय तृतीयेपर्यंत चारही करपून गेले. यंदा पुण्याच्या नणंदेनं तिच्या बागेतले सात कंद दिलेत. तीन-चार सुरकुतलेत, एकाची मान मोडली आहे, एकाला दोन इंचांचा पांढरा कोंब आलाय. सासूबाई म्हणतात, बटाटा काय कोणी घरात रुजवतं? सरळ कुंडीत पुरा आणि पाणी घाला. आम्ही नागपुरात मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वेला बाल्कनी आहे, वर गच्ची वापरता येते. काटोलहून आणलेली काळी माती घरात आहे. गणपती नुकतेच गेले. हे कंद आता लावू, की मार्चपर्यंत ठेवू? घरात लावायचे तर नेमके कसे, आणि बाहेर कधी काढू? मुलीचा वाढदिवस जानेवारीच्या शेवटी असतो. तोवर एखादं तरी फूल दिसेल का?

उत्तर :

ताई, मार्चपर्यंत मुळीच ठेवू नका. याच महिन्याच्या अखेरीला, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावा. आणि हो, घरातच लावा.

तुमचे ते चार कोंब करपल्याचं वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तुमचं काहीच चुकलं नव्हतं. जे सांगितलं ते तुम्ही तंतोतंत केलंत. फक्त ते सांगणं दुसऱ्या गावचं होतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी भागांत मार्चमध्ये माती बर्फासारखी गार असते आणि मे उजाडेपर्यंत रात्री गोठायची भीती असते. डेलियाला गोठणं सोसत नाही, पानं एका रात्रीत काळी पडतात. म्हणून तिथले लोक चार ते सहा आठवडे आधी कंद घरात ऊब देऊन जागे करतात आणि गोठवणारी शेवटची रात्र सरली की बाहेर लावतात. त्यांचा सगळा हिशेब थंडी चुकवण्याचा आहे. आपल्याला नागपुरात काय चुकवायचंय? आधी परतीचा पाऊस आणि मग ऑक्टोबरची ती दुपारची तलखी. घरात रुजवण्याची पद्धत आपल्यालाही लागते, पण ती या दोन गोष्टींसाठी. ते शेवटच्या गोठवणाऱ्या रात्रीची वाट बघतात, आपण शेवटच्या पावसाची बघायची. एवढा एक बदल केलात की बाकीची त्यांची बरीचशी माहिती तुमच्या कामी येईल.

या झाडाचं माहेर कुठलं ते कळलं की त्याच्या आवडीनिवडी लक्षात ठेवायला सोपं जातं. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १९६३ पासून ते त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. तिथून बिया स्पेनला गेल्या आणि १७९१ मध्ये माद्रिदच्या वनस्पती उद्यानातल्या काव्हानिलेस यांनी त्याला आंद्रेस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून नाव दिलं. आता गंमत बघा, मेक्सिको सिटी साधारण एकोणीस उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे पुण्याच्या जवळपास, आणि आपलं नागपूर एकवीसवर. म्हणजे हे झाड काही थंड देशांतलं नाही, आपल्याच पट्ट्यातलं आहे. फरक उंचीचा. डेलिया तिथे डोंगरांवर वाढतो, समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर आणि त्याहूनही वर. दिवसा ऊन पण होरपळ नाही, रात्री गारवा, पायाखाली निचऱ्याची जमीन. आपल्याकडे असं हवामान नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच मिळतं. नोव्हेंबरात दुपारी तीसच्या आसपास आणि पहाटे पंधरा-सोळा अंश, हे त्याला फार मानवतं. मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो आणि तिथून पुढे डेलिया फक्त जीव वाचवत बसतो. तुमचे कोंब नेमके तेव्हा गच्चीवर गेले, आणि गच्चीचा स्लॅब खालूनही भाजतो.

मग कोणी म्हणेल, थंडी पडल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी लावले तर? तेही नको. डेलियाचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस बारा तासांहून लहान झाला की झाड आपली ताकद खाली कंदात साठवायला लागतं. आपल्याकडे सप्टेंबर संपता संपता दिवस बारा तासांखाली येतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास उतरतो. तोवर झाडाला चांगला पानोळा आणि तीन-चार फांद्या असल्या, तर ते कंदही पोसतं आणि फुलंही देतं. डिसेंबरात नुकतं जमिनीवर आलेलं रोप मात्र वीतभर राहतं, एखादी कळी काढतं आणि सगळं खाली नेतं. म्हणून आपल्या हातात तीन-चार आठवड्यांचीच फट आहे. पाऊस ओसरत आलाय आणि दिवस अजून फार आखडले नाहीत, अशी.

आता सासूबाईंच्या बटाट्याकडे येते. त्यांचं म्हणणं बटाट्यापुरतं अगदी बरोबर आहे. बटाटा हे खोड असतं, त्याच्या अंगभर डोळे असतात, डोळा असलेला कुठलाही तुकडा पुरला तरी उगवतो. डेलियाचा कंद मात्र खोड नाही, ते फुगलेलं मूळ आहे. सासूबाईंना सफेद मुसळी किंवा शतावरीचा झुबका आठवायला सांगा. मुसळीचं बेणं तोडताना वरच्या डोक्याचा तुकडा सोबत घ्यावाच लागतो, नुसती शेंग लावली तर कुजून जाते. डेलियाचंही तसंच. डोळे फक्त वर असतात, जुनं देठ जिथे कापलंय त्याच्या अगदी कडेला. खालचा गुबगुबीत भाग म्हणजे शिदोरी. शिदोरी कितीही मोठी असली तरी डोळा नसेल तर ती कोणाच्याच उपयोगाची नाही. उलट अंगठ्याएवढा बारका कंद असेल, पण त्याच्या डोक्याला एक डोळा असेल, तर मी तोच निवडीन.

डोळा शोधायला थोडी नजर बसावी लागते. कंद पुसून घ्या, रात्री खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून मानेच्या वर बघा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, बाजूनं टाकला की उंचवट्याची सावली पडते. जुन्या देठाच्या वाळक्या सालीला लागून मोहरीच्या दाण्याएवढी पुळी दिसेल. जातीप्रमाणे ती तांबूस, फिकट गुलाबी नाही तर हिरवट असते. तिला नखानं टोकरू नका. दिसली नाही तरी कंद टाकू नका, कारण झोपलेला डोळा पुष्कळदा सपाट असतो आणि ओलाव्यात दहा-बारा दिवस राहिला की फुगून वर येतो.

मान मोडलेला कंद : मान म्हणजे शिदोरी आणि डोळा यांना जोडणारी नळी. ती नुसती चिरलीय आणि कंद घट्ट धरून आहे, तर राहू द्या, काही वेळा निभावतं. लोंबत असेल तर तो एकटा कंद गेला असं समजा. मात्र तो झुबक्यातला असेल तर तेवढाच कापून काढा, बाकीचे शाबूत आहेत.

सुरकुतलेले तीन-चार : घाबरू नका. दोन बोटांत दाबून बघा. चामड्यासारखा चिवट लागला तर जिवंत आहे. पिचपिचीत लागला, वास आला किंवा आतून पोकळ वाटला तर गेला. शंका असेल तर शेपटीकडे नखभर साल खरवडा, आत पांढरा ओलसर गर दिसला पाहिजे. चिवट कंद तास-दीड तास साध्या पाण्यात ठेवा, बाहेर काढून सावलीत पूर्ण सुकू द्या आणि मग लावा. रात्रभर भिजत घालू नका.

ते सुरकुतले का, तेही सांगते, कारण पुढच्या उन्हाळ्यात हा प्रश्न तुमच्यापुढे याहून मोठा होऊन येणार आहे. पुण्याचा उन्हाळा कंदांना कसाबसा सोसतो. नागपूरचा मे महिना त्यांना उघड्यावर ठेवलं तर वाळवून खडखडीत करतो. मार्चअखेर झाड पिवळं पडायला लागलं की पाणी कमी करत न्या, देठ चार बोटं ठेवून कापा, आठवड्यानं कंद काढा आणि सावलीत दोन दिवस वाळवा. मग मातीच्या मडक्यात कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात एकमेकांना न चिकटता रचा. मडकं घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पण कूलरच्या झोताच्या खोलीत नको. कूलरची हवा गार असली तरी ओली असते, आणि आठ तास बंद खोलीत तो ओलावा साचला की कंदांवर पांढरी बुरशी धरते. मी माझं मडकं देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवते. महिन्यातून एकदा हात घालून चाचपायचं. फारच कोरडं लागलं तर वाळूवर पाण्याचा हलका हबका, बस. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काहींना आपोआप कोंब येतात. तुमच्या एकाला आलाय तसा.

त्या पांढऱ्या कोंबाचं काय करायचं? तो अंधारात उजेड शोधत लांबलाय, म्हणून पांढरा आणि ठिसूळ आहे. कंद लावताना कोंब वर राहील असं ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस फक्त उजेड द्या, ऊन नको. हिरवा झाला की बाकीच्यांसारखाच. चुकून मोडला तरी हळहळू नका, शेजारचा दुसरा डोळा जागा होतो.

आता रुजवण्याची खरी कृती. खोलगट असा कुठलाही खोका चालेल. आंबिया बहाराची संत्री आता बाजारात यायला लागतील, फळवाल्याकडे पेटी मागा, मला तीच सोयीची वाटते. तळाला वर्तमानपत्राचे दोन पदर घाला. भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि धुतलेली नदीची जाड वाळू निम्मी-निम्मी मिसळा. खत अजिबात नको, शेणखत तर नकोच. शिदोरी कंदात आहे, या टप्प्यावर बाहेरून दिलेलं खत फक्त बुरशीला पोसतं. चार बोटांचा थर पसरून कंद आडवे ठेवा, मान किंचित वर. अंगावर मिश्रण ओढा, पण डोकं, म्हणजे डोळ्यांची जागा, उघडी राहू द्या. डोळे दिसत राहिले की रोज सकाळी उकरून बघायचा मोह होत नाही. प्रत्येकाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचा आणि शिसपेन्सिलीनं नणंदेनं सांगितलेला रंग लिहा. पेनाची शाई पंधरा दिवसांत उडते.

पेटी बाल्कनीच्या आतल्या बाजूला ठेवा, जिथे पावसाची झड येत नाही आणि हवा खेळती असते. बल्ब नको, ऊब देणारी चटई तर नकोच नको. कंद जागे व्हायला अठरा ते पंचवीस अंश पुरतात, आणि ऑक्टोबरात आपल्या घरात त्याहून जास्तच असतं. उलट दुपारी तिथे तापत असेल तर पेटी आत फरशीवर आणा. तिसऱ्या मजल्यावर उंदरांची भीती कमी, पण खारी येतात. त्यांना कंद आवडतात, म्हणून वरून जाळी टाका.

आणि पाणी. ताई, सगळं पत्र विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. मुळ्या फुटेपर्यंत कंदाला पाणी नको असतं, ओलावा पुरतो. मिश्रण मुठीत घेऊन दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटांतून एकही थेंब टपकता कामा नये. एवढ्यावर पंधरा दिवस निघतात. वरचा थर सुकलेला दिसला तर कडेकडेनं फवारा मारा, कंदाच्या डोक्यावर नाही. आठ दिवस झाले, काही दिसत नाही, म्हणून हात आपोआप तांब्याकडे जातो. त्याच आठवड्यात सर्वांत जास्त कंद मरतात.

मी हे सोसलेलं आहे. डेलिया लावायचं माझं पहिलं वर्ष होतं. तेव्हा आम्ही प्रतापनगरात तळमजल्यावर राहत होतो, पुढे छोटं अंगण होतं. एका जाणकारानं मला कंदांचे अकरा झुबके दिले होते, त्यानं स्वतः चार वर्षं जपलेले. मी ते सप्टेंबरात थेट काळ्या मातीत लावले आणि रोज सकाळी पाणी घातलं. महिनाअखेरीस तीन दिवस परतीचा पाऊस लागला. उघडल्यावर मी एक झुबका उकरला. वरून धडधाकट दिसत होता. उचलायला गेले तर साल हातात आली आणि आतला गर बोटांतून ओघळला. आंबट, कुबट वास कितीतरी वेळ हाताला राहिला. अकराच्या अकरा गेले. ज्यानं दिले त्याला सांगायला जायचं मला महिनाभर धाडस झालं नाही. गेले तेव्हा त्यानं एकच विचारलं, पाणी कशाला घातलंस? मुळ्या कुठे होत्या प्यायला?

दोन ते तीन आठवड्यांत बहुतेकांना मोड दिसतील. काही जाती चार-पाच आठवडे घेतात, त्यांना घेऊ द्या. कोंब हिरवा दिसला की त्याच दिवसापासून पेटी सकाळच्या कोवळ्या उन्हात सरकवा. तुमची पूर्वेची बाल्कनी यासाठी उत्तम आहे. इथे उजेड कमी पडला तर रोपं लांबुडकी होतात आणि पुढे आयुष्यभर काठीच्या आधारानं उभी राहतात. काही उजेडात न्यायचं राहिलं असेल तर ते याच आठवड्यात सुधारून घ्या.

एका कंदाला चार-पाच कोंब आले तर दोन ठेवा. बाकीचे बोटभर झाले की बुडाशी कंदाची पातळ साल धरून धारदार ब्लेडनं काढा आणि ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या धरतात. आपल्या भागातले प्रदर्शनाला फुलं नेणारे लोक कंदापेक्षा अशी फुटव्याची रोपंच जास्त पसंत करतात, कारण ती जोमदार आणि एकसारखी निघतात. शिवाय कंद सडला तरी जात हातची जात नाही. तुमच्याकडे नणंदेच्या सातच कंदांची शिदोरी आहे, तेव्हा प्रत्येक जातीचा एक तरी फुटवा लावून ठेवाच.

तीन-चार पानांच्या जोड्या झाल्या की दहा-बारा इंचांच्या कुंडीत हलवा. आता तुमची काटोलची माती. काळी माती कसदार असते, तिला मी नावं ठेवणार नाही, संत्री उगाच पिकत नाहीत तिथे. पण कुंडीत ती ओली असताना चिखल धरते आणि सुकली की भेगा पडून मुळ्या तोडते. नुसती मूठभर वाळू मिसळून तिचा स्वभाव बदलत नाही, उलट ती विटेसारखी घट्ट होते. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचा तूस घ्या. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून हवा तेवढा येतो. वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या तळाची भोकं उघडी आहेत ना, ते आधी बघा. काठी झाड लावायच्या आधी रोवा. मागाहून खोचायला गेलं की ती नेमकी कंदातून जाते.

कुंडी पहिल्यांदा निम्मीच भरा. कंद चार बोटं खाली बसवा आणि रोप वाढेल तशी वरून माती चढवा. पूर्ण भरलेल्या ओल्या मातीच्या तळाशी कंद गाडून टाकू नका.

बाहेर कधी? तारीख धरून बसू नका, पण दिवाळीच्या आगेमागे, पाऊस खरोखर गेला आणि पहाटे पांघरूण ओढावंसं वाटायला लागलं, की ती वेळ. एकदम गच्चीवर नेऊ नका. पहिले दोन दिवस सकाळी एक तास, मग दोन तास, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हाची सवय लावा. गच्चीवर कुंड्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळालं तर भरपूर झालं. थंडीची काळजी आपल्याकडे फारशी नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या रात्री मी कुंड्यांवर जुनी नऊवारी घातली आणि झाडांना काही झालं नाही. एरवी उघडी राहू द्या, ती गार रात्र त्यांना हवीच असते.

गच्चीवर गेल्यावर आठवड्याभरात मधला शेंडा खुडा. जिवावर येईल, तरी खुडा. त्यानं फुलं आठवडा-दहा दिवस लांबतात, पण एका काठीच्या जागी चार फांद्या मिळतात. युरियासारखं नत्राचं खत देऊ नका, नुसता पाला माजतो आणि कंद पुढे टिकत नाहीत. दर पंधरा दिवसांनी थोडं गांडूळखत आणि चिमूटभर हाडांचा चुरा पुरे. मावा आणि फुलकिडे येतात, जानेवारीनंतर कोरड्या हवेत लाल कोळीही. पानाच्या मागे रोज नजर टाका आणि निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. पानांवर पिवळी-हिरवी चट्टेरी नक्षी दिसली आणि झाड खुरटं राहिलं, तर तो विषाणू असतो. त्याला औषध नाही. तेवढं झाड कंदासकट काढून टाका, त्याचे फुटवे कोणाला देऊ नका, नणंदेलाही नाही.

राहिला लेकीचा वाढदिवस. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेटीत ठेवलेले कंद महिनाअखेर रोपं होतील, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर जातील, आणि तिथून आठ ते बारा आठवड्यांनी फुलतील. म्हणजे जानेवारीत. लहान फुलांच्या जाती आधी येतात, ताटलीएवढ्या मोठ्या फुलांच्या नंतर. म्हणून नणंदेला विचारून एखादा लहान फुलाचा कंद निवडा आणि त्या एकाचा शेंडा खुडू नका. नववर्षाच्या दिवशी त्या झाडाजवळ बसून शेंडा बघा. टोकाला तीन कळ्यांचा झुबका असेल, मधली मटाराच्या दाण्याएवढी. ती उमलायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. बाजूच्या दोन कळ्या नखानं हलकेच काढून टाका आणि मधली ठेवा.